ओट्याजवळची जागा

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीला माझी बदली झाली तेव्हा पित्ताशयाच्या ऑपरेशनचे टाके नुकतेच वाळले होते. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं, आणि मी म्हणजे भजी-पापडाशिवाय घास न उतरणारी बाई. नवऱ्याची नोकरी लातूरला, मुलगी पुण्यात शिकायला. आई तिकडं एकटी काय करून खाईल, या काळजीनं मुलीनं कुरिअरनं एक छोटासा एअर फ्रायर पाठवून दिला. काळा, गोलसर, पाण्याच्या लहान माठाएवढा. समोर दांडा धरून ओढायची जाळीची टोपली, वर दोन गोल बटणं, एक उष्णतेचं आणि एक वेळेचं. वेळेचं बटण पिळलं की आत घड्याळासारखी टिकटिक सुरू व्हायची आणि वेळ भरली की 'टिंग' असा एकच आवाज.

मी ज्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिले त्याचं स्वयंपाकघर अगदी अरुंद होतं. दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेरच थांबावं. एका बाजूला ओटा आणि त्याच्या टोकाला एकच प्लग, म्हणून यंत्र तिथं बसलं. ओट्याच्या त्या टोकापासून भिंतीपर्यंत जेमतेम एक पाट मावेल एवढी मोकळी जागा. मागच्या भिंतीत एक दार होतं, पण त्याला भिंतीचाच पिवळा रंग दिलेला. ते कायमचं बंद आहे, असं घरमालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मीही त्याकडं पुन्हा पाहिलं नाही.

मालक साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. उंच, वाकलेले, बोलायला मऊ. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला मॅडम. सामान वर चढवायला त्यांनीच हात लावला. बाहेरच्या खोलीत खोक्यातून यंत्र निघालं तेव्हा त्यांनी हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, आत गरम हवा फिरते, त्यात शिजतं, तेल लागत नाही. तेलाचं त्यांना काही वाटलं नाही.

"ह्यात जाळ नसतो?" त्यांनी विचारलं.

नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, अजिबात नसतो का. ठिणगीसुद्धा नाही, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी यंत्राच्या पाठीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला, एखाद्या गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. मग खाली गेले.

त्यांच्या बायकोला मात्र मी नीट पाहिलंच नव्हतं. खाली स्वयंपाक काकाच करायचे. कुकरची शिट्टी, भाकरी थापल्याचा आवाज, सगळं त्यांच्या हातचं. आणि तेवढा वेळ काकू बाहेरच्या पायरीवर रस्त्याकडं तोंड करून बसलेल्या. ऊन असो, वारा असो. स्वयंपाक उरकून काकांनी हाक मारली की उठून आत जायच्या. मी जाता-येता बोलायचा प्रयत्न केला, तर त्या माझ्या खांद्यापलीकडं बघत राहायच्या, जणू माझ्यामागून कुणी येत होतं. शेजारच्या बाईनं मला आडून सांगितलं की काकूंना बाहेरचं आहे, लई वर्षं झाली, तुम्ही आपलं दार लावून घेत जा. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. दार मी तशीही लावायचेच.

कचेरी जवळ होती, म्हणून दुपारच्या सुट्टीत मी जेवायला घरी यायचे. एका दुपारी कुलूप काढून आत गेले तर घरात भाजल्याचा वास. खमंग, थोडा मिठाचा. मला वाटलं, खालून येत असेल. पाणी प्यायला ओट्याशी गेले, हात सहज यंत्राला लागला आणि मी तो झटकन मागं घेतला. यंत्र गरम होतं.

सकाळी मी त्यात काहीच केलं नव्हतं. उपमा केला होता, तोही गॅसवर. टोपली ओढून पाहिली तर स्वच्छ धुतलेली, तळाशी पाण्याचे दोन थेंब. बटण शून्यावर.

आपणच सकाळी काहीतरी लावलं असेल आणि विसरलो असू, अशी मी मनाची समजूत घातली. ऑपरेशनच्या भुलीनंतर माझ्याकडून विसराविसर होत होतीच. पण सकाळी लावलेलं यंत्र दुपारपर्यंत गरम राहील का? हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

मग ते रोजचंच झालं. कुलूप जसंच्या तसं, घर जागच्या जागी, आणि यंत्र गरम. कधी नुसतं कोमट, कधी हात न ठेववेल असं. कांद्या-बटाट्याच्या टोपलीतला एखादा बटाटा कमी वाटायचा, पण बटाटे कोण मोजून ठेवतं. सकाळी पुसून गेलेल्या ओट्यावर कधी मिठाचे खडे दिसायचे. एका सकाळी मी मुद्दाम यंत्राचा दांडा भिंतीकडं फिरवून ठेवला. दुपारी आले तर दांडा समोर. माझ्याकडं बघत असल्यासारखा.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो हसला नाही, हेच मला जास्त लागलं. त्यानं हळूच विचारलं की झोप लागते का, गोळ्या वेळेवर घेतेस का. मी विषय बदलला. त्या दिवसांत मला खरी भीती भुताखेताची नव्हती, स्वतःची होती. मीच तर नाही ना दुपारी येऊन काही करून जात? कचेरीत टेबलाशी बसल्याबसल्या मी हाताचा वास घेऊन बघायचे.

आणि मग तो वीज गेलेला दिवस. सकाळपासून ढग होते आणि कचेरीतली वीज दुपारी गेली ती आलीच नाही. मी घरी आले, कुलूप काढलं. वीज नसल्यामुळं पंखा, फ्रिज सगळं गप्प. त्या शांततेत स्वयंपाकघरातून आवाज येत होता.

टिक टिक टिक टिक.

मी चप्पल पायात तशीच ठेवून उभी राहिले. स्वयंपाकघराच्या दाराला मी एक जुन्या साडीचा पडदा लावला होता. पडदा स्थिर होता. त्याच्या फटीतून आतला अंधुक उजेड दिसत होता. यंत्राचा दिवा बंद, पंखा बंद, आत वीज नाही, उष्णता नाही, आणि तरी ते वेळेचं बटण हळूहळू फिरत शून्याकडं चाललं होतं. त्या बटणाला वीज लागत नाही, ते चावीवर चालतं, हे मला नंतर सुचलं. तेव्हा एवढंच सुचलं की ते कुणीतरी पिळलेलं आहे आणि आत्ताच पिळलेलं आहे.

मी पुढं जाऊ शकले नाही आणि मागंही फिरू शकले नाही. तशीच उभी असताना 'टिंग' वाजलं आणि मी जिना उतरून खाली धावले.

काका पडवीत आडवे झाले होते. माझा चेहरा बघून उठले. वर या म्हटलं तसे माझ्यामागून जिना चढले. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले. मी पडदा सारून आत गेले, टोपली ओढून दाखवली. आत बटाट्याच्या पातळ चकत्या, मीठ लावलेल्या, अर्ध्या कच्च्या. मी सांगत होते, बघा काका, आत येऊन बघा. ते आत आले नाहीत. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि त्यांनी श्वास ओढून वास घेतला.

"काचऱ्या," ते म्हणाले.

एवढंच. मग पाठ फिरवून जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. शेजारणीला दिसेल असं सकाळी कचेरीला गेले, आणि जेवणवेळेच्या आधीच परत येऊन, आवाज न करता कुलूप काढून, बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले. फोन बंद केला. खाली काकांच्या ताटाचा आवाज झाला, मग शांत झालं. दुपारी ते जेवून आडवे व्हायचे.

जरा वेळानं आत काहीतरी करकरलं. जुन्या बिजागरीचा आवाज. भिंतीच्या रंगाचं ते कायमचं बंद असलेलं दार उघडत होतं. बाहेरच्या अंगाला मागच्या अंगणातून येणारा जुना जिना होता, हे मला माहीतच नव्हतं. अनवाणी पावलं आली. टोपलीतून बटाटा उचलल्याचा, विळीचा, मग पाण्याचा आवाज. सगळं न घाई करता, रोजच्या घरात वावरावं तसं. मग बटण पिळलं गेलं आणि टिकटिक सुरू झाली. आणि बोलणं.

"थांब गं. हात लावू नगंस. गरम हाय."

काकूंचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. वाटला होता त्यापेक्षा कोवळा होता. त्या बोलायच्या, मग थांबायच्या. थांबणं नुसतं नव्हतं. समोरच्याचं ऐकून घ्यायला लागतो तेवढा वेळ असायचा, कधी कमी, कधी जास्त. एकदा त्या ऐकून हसल्या.

"न्हाय, कुठं न्हाय जात. हितंच हाय की मी."

मी उठून पडद्याच्या फटीतून पाहिलं. काकू ओट्यापुढं जमिनीवर बसल्या होत्या, गुडघे पोटाशी घेऊन. यंत्राकडं त्यांचं लक्ष नव्हतं. त्या पाहत होत्या ओट्याच्या टोकाच्या त्या पाटाएवढ्या मोकळ्या जागेकडं. नजर जमिनीवर नव्हती आणि वरही नव्हती. बसलेल्या लहान पोरीचा चेहरा जिथं येईल, तिथं होती.

टिंग झालं. त्यांनी ताटलीत काचऱ्या काढल्या, एक-एक उचलून फुंकर घातली, अर्धी तोडून तोंडात टाकली आणि अर्धी हातात धरून त्या रिकाम्या जागेपुढं केली. मला वाटलं, आता काही घडेल. काही घडलं नाही. त्यांनी ती अर्धी काचरी जमिनीवर ठेवली आणि दुसरी उचलली.

माझ्या हातून पडदा हलला असावा. त्यांनी वळून पाहिलं. त्या दचकल्या नाहीत, लाजल्या नाहीत. पाहुणी आल्यावर म्हणावं तसं म्हणाल्या,

"या बाई. तुमी बी बसा."

मी आत गेले. पाय आपोआप गेले म्हणायला हवं. बसायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून मी त्या मोकळ्या जागेकडं वळले, तसा त्यांनी माझ्या पदराला हात लावला.

"तिकडं नगं," त्या हळूच म्हणाल्या. "ती बसलीय."

मी अलीकडं, दाराच्या उंबऱ्यावर टेकले. त्यांनी मला दोन काचऱ्या दिल्या. कडेला कुरकुरीत, मधे मऊ, मीठ थोडं जास्त. मी खाल्ल्या. ती चव लक्षात राहिली. मग त्यांनी टोपली धुतली, ओटा पुसला, जमिनीवरच्या अर्ध्या काचऱ्या पदरात बांधल्या आणि मागच्या दारानं निघून गेल्या.

संध्याकाळी काका जिन्यात येऊन बसले. वर आले नाहीत. मी दोन पायऱ्या वर बसले. त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं.

त्यांना एक मुलगी होती. तेव्हा घर वरचं एवढंच होतं, खाली नुसती पडवी. रॉकेलच्या स्टोव्हचे दिवस. काकू विहिरीवर गेल्या होत्या, आणि भूक भूक करणाऱ्या पोरीला सांगून गेल्या होत्या की थांब, आल्यावर काचऱ्या तळून देते. पोरगी थांबली नाही. तिनं बटाटा चिरला आणि स्टोव्ह पेटवायला गेली. भडका झाला. मागच्या जिन्यानं काकू हंडा घेऊन वर आल्या तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पोरगी ओट्याच्या टोकाला, भिंतीशी बसलेली होती.

त्या दिवसानंतर काकूंनी आग पाहिली नाही. देवापुढचं निरांजनसुद्धा काका लावायचे आणि त्या तोंड फिरवून बसायच्या. काकांनी खाली घर बांधलं, गड्यांकडून वरचा ओटा फोडून नवा घालून घेतला, भिंती पुन्हा पुन्हा रंगवून घेतल्या, मागच्या दाराला बाहेरून कडी घातली. ते स्वतः त्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात गेले नव्हते. भाडेकरू यायचे, जायचे.

"सांगितलं असतं तर तुमी ऱ्हायल्या नसत्या," ते म्हणाले. ते खरं होतं.

मग त्यांनी सांगितलं की यंत्राचं काकूंना त्यांनीच सांगितलं होतं, माझं सामान आलं त्याच संध्याकाळी. आगीवाचून शिजतंय आता, असं सहज बोलून गेले होते. दुसऱ्या दिवसापासून काकू दुपारचं अर्धंच जेवू लागल्या.

कचेरीतल्या एका बाईंनी ऐकल्यावर मला लगेच घर सोड म्हणून सांगितलं. मी दोन ठिकाणी खोल्या बघूनही आले. एकीत तर स्वयंपाकघर चांगलं ऐसपैस होतं. तरी मी गेले नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. दया म्हणावी तर तेवढंच नव्हतं. मी निघून गेले तर ती पोरगी पुन्हा उपाशी बसेल, असं काहीतरी माझ्या मनात आलं होतं, आणि ते मनात आल्याचं मलाच भय वाटलं होतं.

त्यानंतर दुपारी मी आले की काकू आत असायच्या. मी बटाटे आणून ठेवायचे, त्या काचऱ्या करायच्या, मी माझी भाकरी घेऊन उंबऱ्यावर बसायचे. त्या माझ्याशी कमीच बोलायच्या. मी एकटी असतानाही त्या जागेवर काही ठेवेनाशी झाले. केरसुणी तिथवर नेली की हात हळू व्हायचा. सकाळी चहा करताना पाठीमागं कुणीतरी मुकाट्यानं वाट बघत बसलंय, असं वाटायचं. वळून पाहिलं की जागा रिकामी. पण रिकाम्या जागेलाही एक रिकामेपण असतं, ते तिथं नव्हतं. याहून नेमकं मला सांगता येत नाही.

दिवाळीत मुलगी आली. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. दुपारी मी बाहेरच्या खोलीत फराळाचे डबे लावत होते, आणि आत जाऊन बघते तर पोरगी मोबाईल घेऊन बरोबर त्या जागेवर, भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेली. उठ म्हणायला मी तोंड उघडलं आणि त्याच वेळी मागचं दार करकरलं.

काकू आत आल्या आणि थबकल्या. माझ्या मुलीकडं बघत राहिल्या. मुलीनं हसून नमस्कार केला. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांची नजर मुलीच्या चेहऱ्यावरून हळूहळू बाजूला सरकली, ओट्याच्या पायाशी आली आणि तिथं थांबली.

"बसू द्या," त्या मला म्हणाल्या. "सरकली ती."

आणि त्यांनी विळी ओढून बटाटा चिरायला घेतला. कोण सरकली, असं मुलीनं मला खुणेनं विचारलं. मी मान हलवली. त्या दुपारी काकूंनी नेहमीपेक्षा जास्त काचऱ्या केल्या. मुलीनं मिटक्या मारत खाल्ल्या, यंत्रात इतक्या चांगल्या होतात हे तिलाच माहीत नव्हतं म्हणाली, आणि काकू तिच्याकडं बघून पहिल्यांदा, समोरच्या माणसाकडं बघून हसतात तशा हसल्या. मुलगी जरा भिंतीकडं दबून बसली होती. नंतर मी विचारलं तर म्हणाली, काय माहीत, जागा कमी वाटत होती.

पुढच्या वर्षी माझी बदली धाराशिवला झाली. सामान बांधताना यंत्र मी खोक्यात घातलंच नाही. मी ते उचलून खाली नेलं आणि काकांच्या स्वयंपाकघरात, गॅसपासून लांब, खिडकीशी ठेवलं. काकू पायरीवरून उठून आत आल्या. वरच्या खोलीत ठेवू का, असं मी विचारलं, कारण त्यांना तीच जागा हवी असेल असं मला वाटलं होतं. त्यांनी मान हलवली. "जिना चढून दमती ती," म्हणाल्या. काका माझ्याकडं बघत नव्हते. ते प्लग तपासत होते.

अधूनमधून काकांचा फोन येतो. काकू आता काचऱ्यांबरोबर भाजी करतात, वांगी भाजतात, शेंगा भाजतात. पायरीवर बसणं कमी झालंय. वरची खोली अजून कुणाला दिलेली नाही. मागच्या वेळी त्यांच्या जेवणाच्या वेळेला मीच फोन केला. मागं ताटांचा आवाज येत होता, आणि काकू कुणाला तरी हळू खा म्हणत होत्या. मी हसून म्हटलं, काका, तुम्हाला दटावतात वाटतं.

"माझं जेवण कवाच झालंय," म्हणाले, आणि मग माझी तब्येत विचारू लागले. मी बरी आहे म्हणून सांगितलं. पथ्य सुटलंय, आता थोडं तळलेलं चालतं, असंही सांगितलं.